पुसून बघितलं का?

विषय : बैठकीच्या खोलीतील मोठ्या खिडकीच्या दोन काचांच्या मध्ये साठलेल्या पाण्याबाबत.

संदर्भ : माझा अर्ज, त्यानंतरची स्मरणपत्रं, आणि फोनवरून वेळोवेळी झालेली बोलणी, ज्यांत बोलायचं काम त्यांनी केलं आणि ऐकायचं मी.

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की सदर पाणी काचेच्या आतल्या बाजूला नाही, बाहेरच्या बाजूलाही नाही, तर... थांबा. तुम्ही आता काय विचारणार, मला ठाऊक आहे. ओठांवर आलंय तुमच्या. त्या कडेच्या बाई तर शेजारणीच्या कानात सांगूनही मोकळ्या झाल्या. 'पुसून बघितलं का?'

हो. बघितलं. आतून पुसलं, बाहेरून पुसलं, कोरड्या फडक्याने, ओल्या फडक्याने, वर्तमानपत्राच्या बोळ्याने. बोळा अग्रलेखाचा होता, त्यामुळे काच आणखीच धूसर झाली. आणि बाहेरून पुसायचं म्हणजे काय, तर आम्ही राहतो वरच्या मजल्यावर, खिडकीचा एक भाग उघडतो, एक उघडत नाही, आणि पाणी अर्थातच न उघडणाऱ्या भागात! तेव्हा मी उघड्या भागातून कमरेपर्यंत बाहेर, हातात काठी, काठीला फडकं, आणि आमची ही मागून माझा पट्टा धरून उभी, आणि मधूनमधून विचारते, 'पट्टा जुना आहे ना हो हा?' खालून एक गृहस्थ चालले होते. थांबले, वर बघितलं, आणि कुठून त्यांना सुचलं कोण जाणे, ओरडले, 'काका, आतून पुसून बघा!'

तुम्हाला सांगतो, ही खिडकी मी निवृत्त झाल्यावर मुद्दाम बसवून घेतली. नोकरीभर माझं टेबल भिंतीकडे तोंड करून. समोर भिंत, भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. या वर्षीचं कॅलेंडर साहेबांच्या खोलीत, आणि ते जुनं झालं की आमच्याकडे यायचं. तेव्हापासून मनाशी धरलं होतं, की सुटलो की खिडकीपाशी खुर्ची टाकायची, चहाचा कप घ्यायचा, मांडीवर पुस्तक उघडायचं आणि न वाचता बाहेर बघत बसायचं. एवढीच इच्छा हो! काही फार मागितलं का?

खिडकीवाल्या कंपनीचा माणूस विकायला आला होता तेव्हा काय गोड बोलला. 'साहेब, ही नुसती काच नाही, या दोन काचा. मध्ये कोरडी हवा कोंडलेली, कडेने सील. थंडी बाहेर, ऊब आत, रस्त्यावरचा आवाज रस्त्यावर.' मी सहज विचारलं, आणि सील गेलं तर? तो हसला. असा हसला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. लग्नाच्या बोलण्यांत कोणी घटस्फोटाची चौकशी करावी तसं.

तर, गेलं. सील गेलं. ते कसं ओळखायचं तेवढं सांगून ठेवतो, कारण आज मी आहे, उद्या तुम्ही. आधी एखाद्या सकाळी खालच्या कोपऱ्यात धुरकट डाग दिसतो, नखाएवढा. तुम्ही म्हणता, थंडी आहे. दुपारी डाग जातो. तुम्ही म्हणता, बघ, गेला. पुढच्या वेळी तो वर चढलेला असतो. मग थेंब येतात. मग ते ओघळतात आणि सुकल्यावर पांढरट रेघा सोडून जातात. आणि मग एकदा तुम्ही थेंबावर बोट ठेवता, आतून. बोट कोरडं. हात लांब करून बाहेरून ठेवता. बोट कोरडं. दोन्हीकडून कोरडं आणि मध्ये चिंब! झालं, ओळख पटली. काय असतं, की दोन काचांच्या मध्ये कडेला एक पोकळ पट्टी असते, तिच्यात बारीक मणी. औषधाच्या बाटलीत 'खाऊ नये' अशी पुडी असते ना, त्याच जातीचे. सील चिरलं की दमट हवा आत शिरते, ते मणी ती ओल पितात, पितात, पितात, आणि एके दिवशी म्हणतात, बस, आता आमच्याकडे पाठवू नका. आमच्या कचेरीतल्या आवक विभागासारखं.

आता तुम्ही म्हणाल, काचेवर जरा धुकं आलं, त्यात एवढा थयथयाट कशाला? पडदा ओढा आणि गप्प बसा. पडद्याचं नाव काढलंत, बरं केलंत. कारण सगळं प्रकरण पडद्यापाशीच येतं.

आमच्या खिडकीसमोर रस्ता. रस्त्यापलीकडे इमारत, आणि त्या इमारतीत आमच्या अगदी समोर एक खिडकी. तिथे आमच्या हिच्या थोरल्या बहीण राहतात, ताई. यजमान गेले, मुलं दूरदेशी, घरात एकट्या. अधूनमधून घेरी येते त्यांना. आणि या दोघी सख्ख्या बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत.

का बोलत नाहीत? खिडकी बसली तेव्हा ताई म्हणाल्या, पडदे मी शिवते, फक्त माप सांग. आता आमच्या घरात मोजपट्टी आहे. माझ्या टेबलाच्या खणात, उजवीकडे, डबीत. पण या दोघींच्या माहेरी मोजपट्टी काढणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं. त्यांच्या आईने जन्मभर सगळं वितीने मोजलं. कापड वितीने, कपाट वितीने, मुलींची उंची वितीने. मला पसंत करायला आल्या तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, त्यावरून मीही मोजला गेलो असणार. तेव्हा आमच्या हिने खिडकी वितींनी मोजली, फोनवरून सांगितली, ताईंनी तितक्याच विती मोजून कापड कापलं. हिची वीत हिची. ताईंची वीत ताईंची. पडदे आले, टांगले, आणि खाली हातभर खिडकी उघडी! त्या दोघी आणि मी, तिघं त्या उघड्या हातभराकडे बघत उभे. मी काही बोललो नाही. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत शहाणा क्षण. ही म्हणाली, 'छान आहेत. मांजराला बाहेर बघता येईल.'

आमच्याकडे मांजर नाही.

तेव्हापासून बोलणं बंद. ताईंचं म्हणणं, माप चुकीचं सांगितलं. हिचं म्हणणं, कापड चुकीचं कापलं. पडदे मात्र तेच. मी एकदा म्हटलं, नवे आणू. तर म्हणते, 'म्हणजे तिला वाटेल, तिचे काढून टाकले. राहू देत. दिसू देत तिला रोज.'

आणि गंमत तर पुढेच आहे. बोलत नाहीत, पण रोज सकाळी ही उठते, गुडघे दुखतात म्हणून भिंतीला धरत धरत खिडकीशी जाते, पडदा सरकवते आणि समोर बघते. समोर ताई पडदा सरकवतात आणि इकडे बघतात. हात हलवणं नाही, मान हलवणं नाही. बघून झालं की दोघी दोन दिशांना तोंडं फिरवतात. लागली हजेरी! मग ही चहा टाकायला मोकळी. मी विचारलं, हा काय प्रकार? तर म्हणते, 'ऊन आलं का बघते मी.' खिडकी उत्तरेला आहे हो! त्या खिडकीत ऊन कधी आलं नाही, कधी येणार नाही.

आता कळलं, धुक्यात काय अडकलं होतं ते? सकाळी ही खिडकीशी जायची आणि समोर सगळं पांढरं. बाई नाही, पडदा नाही, इमारतसुद्धा नाही. उघडणारा भाग उघडून डोकावलं तर बरोबर मध्ये दिव्याचा खांब. ही तशीच उभी राहायची, बोटाने काच घासत. मग चहात साखर विसरायची. मग मला म्हणायची, 'पाय मोकळे करून या जरा. जाताना त्या बाजूने जा, तिकडे सावली आहे.' एवढ्या थंडीत, सावली! मी मफलर गुंडाळून रस्ता ओलांडायचा, मान वर करून चालायचं, एकदा एका कुत्र्याला अडखळलो, एकदा एका बाईंना, बाई जास्त भुंकल्या. परत आलो की ही भाजी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता, 'कोणी भेटलं?' कोण भेटणार? 'नाही, सहज.' मी म्हणायचो, पडदा उघडा होता. 'कुठला पडदा? मी पडद्याचं विचारलं का तुम्हाला?' थोडा वेळ सुरीचा आवाज. मग, 'पूर्ण उघडा की अर्धा?' पूर्ण. 'आणि ती?' ती दिसली नाही. की पुन्हा साखर विसरलीच. 'पडदा काय हो,' म्हणायची, 'वाऱ्यानेही सरकतो.'

मग आमचे जावई आले. जावई शिकलेले आहेत, म्हणजे सगळ्या गोष्टींचे व्हिडिओ त्यांनी बघितले आहेत. आले, खिडकीपुढे उभे राहिले, हाताची घडी घातली. 'बाबा,' म्हणाले, 'पुसून बघितलं का?' मी उत्तर दिलं नाही. जावयाला उत्तर द्यायचं नसतं. त्यांनी पिशवीतून आमच्या मुलीचं केस वाळवायचं यंत्र काढलं आणि काचेवर धरलं. धुकं गेलं! खरंच गेलं. जावयांनी माझ्याकडे असं बघितलं, की सासरे म्हणून तुम्ही इतकी वर्षं काय करत होतात. चहाला बसले. कप अर्धा झाला नाही, तोवर धुकं परत आलं, आणि येताना जरा जास्त घेऊन आलं. मग जावयांनी पिशवीतून भोकं पाडायचं मशीन काढलं. म्हणे, काचेच्या कोपऱ्यात बारीक भोक पाडायचं, आतली ओल वाळवायची, भोकावर छोटीशी जाळीची टोपी बसवायची. काच स्वच्छ दिसेल. मी म्हटलं, आणि ती कोंडलेली हवा? ऊब? 'ती जाईल,' म्हणाले, 'पण दिसेल छान.' आणि मशीनचा खटका दाबला, आणि आमची ही, दुखऱ्या गुडघ्यांची बाई, इतक्या चपळाईने काच आणि मशीन यांच्या मध्ये येऊन उभी राहिली! म्हणाली, 'तुम्ही माझ्या मुलीशी लग्न केलंत, ते निभावताय, खूप झालं. खिडकी राहू द्या.'

राहिली कंपनी. कंपनीला फोन केला. आधी संगीत, मग आणखी संगीत, मग एक मुलगी, आवाज असा की आत्ताच अंघोळ करून आली असावी. 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. आपण काच पुसून बघितली का?' मी शांतपणे सांगितलं, मॅडम, पाणी दोन काचांच्या मध्ये आहे. पलीकडे टाइप केल्याचा आवाज. 'बरं. मग मधून पुसून बघितलं का?' अहो, मध्ये हात जात नाही, हाच तर तुमच्या मालाचा गुण! म्हणाली, फोटो पाठवा. पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर : 'फोटो अस्पष्ट आला आहे. काच स्वच्छ करून नवा फोटो पाठवावा.'

तेव्हा मात्र मी अर्ज लिहिला. अर्ज हा माझा प्रांत. विषय, संदर्भ, मुद्देसूद मजकूर, शेवटी 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती.' ही विनंती इतक्या जणांनी माझ्याकडे केली होती, की तिचं वजन मला बरोबर ठाऊक होतं. तरी लिहिली. दुसरं करणार काय?

आणि मधल्या काळात इकडे भलतंच. आमच्याकडे आणि ताईंकडे साफसफाईला एकच मावशी येतात. त्या दोन्ही घरांतला केर काढतात आणि इकडचा तिकडे नेऊन टाकतात. एक दिवस फरशी पुसता पुसता म्हणाल्या, 'त्या पलीकडच्या ताई विचारत होत्या, दुधी काच बसवली का यांनी. म्हणाल्या, बसवू देत, मलाही हौस नाही यांच्या घरात बघायची.' मला हसू आलं. म्हटलं, मावशी, त्यांना सांगा, दुधी नाही, बिघडलीय. तर ही एकदम, 'काही सांगू नका. म्हणावं, हो, बसवली. चांगली दिसते.' आणि आत गेली. आणि आत जाऊन काय करत होती, तर ओट्याशी नुसती उभी.

आता कंपनीच्या माणसाची पाहणी. माणूस आला तो भर दुपारी. हातात बॅग, कपाळावर आठ्या. आणि तुम्हाला सांगतो, ती खिडकी! सकाळपासून आंधळी होती, जेवणं झाली तशी निवळायला लागली, आणि तो माणूस दारात चपला काढतोय तोवर अशी लख्ख झाली, की बसवली त्या दिवशी तशी नव्हती. एक थेंब असेल तर शपथ! तो काचेपुढे उभा. मी खाली मान घालून उभा. शाळेत धडा पाठ असूनही ऐन वेळी तोंडातून शब्द फुटू नये, तसं. म्हटलं, साहेब, सकाळी या, सकाळी दिसतं. 'सकाळी आमची मीटिंग असते.' रेघा बघा ना, रेघा, कोपऱ्यात. त्याने रेघा बघितल्या. खिशातला रुमाल काढला. आतून एक हात फिरवला, आणि म्हणाला, अगदी आपुलकीने म्हणाला, 'थोडी पुसत जा.' आणि बॅगेवर कागद ठेवून लिहायला लागला : दोष आढळून आला नाही.

तेवढ्यात ही म्हणाली, 'अहो, तिचा पडदा बंद आहे.'

मी बघितलं. इतक्या दिवसांनी समोरची खिडकी स्वच्छ दिसत होती, आणि तिचा पडदा ओढलेला. भर दुपारी. मी म्हटलं, रागावल्या असतील, दुधी काचेवरून. 'राग आला की ती पडदा उघडा ठेवते,' ही म्हणाली. 'रागाने बघायला.' म्हटलं, झोपल्या असतील. 'ती दुपारी झोपत नाही.' मी फोन लावला. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली. हिचा चेहरा बघवेना. दाराशी गेली आणि चपलांत पाय घालायला लागली. ज्या बाईने गुडघ्यांमुळे कित्येक दिवसांत जिना बघितला नव्हता, ती. डावी चप्पल उजव्या पायात. मी एका बाजूने धरलं. तो कंपनीचा माणूस, बिचारा, त्याला वाटलं आपल्या अहवालाने बाईंना काहीतरी झालं, तो दुसऱ्या बाजूने. आणि मी कडी काढली, दार उघडलं, आणि दारात ताई!

घंटेच्या बटणावर बोट, धाप लागलेली, केस विस्कटलेले. माझ्याकडे बघितलं नाही. हिच्याकडे बघितलं, हिच्या उलट्या चपलांकडे बघितलं, हिला धरून उभ्या असलेल्या बॅगवाल्या माणसाकडे बघितलं आणि त्याला विचारलं, 'काय झालंय हिला? मला खरं सांगा.'

तो म्हणाला, 'सील गेलंय म्हणतायत. पण मला तरी काही दिसलं नाही.'

ताई मटकन माझ्या खुर्चीत बसल्या.

उलगडा नंतर झाला. इतके दिवस त्यांनाही इकडचं काही दिसत नव्हतं. रोज सकाळी पांढरी काच. आणि आज अचानक काच निवळली, आणि दिसलं काय, तर घरात एक बॅगवाला अनोळखी माणूस, मी खाली मान घालून उभा, आणि बहीण त्या क्षणी नेमकी आत पाणी आणायला गेलेली, म्हणजे दिसतच नाही! डॉक्टर आला, आटोपलं, असा अर्थ लावून बाई घर बंद करायच्या सवयीने पडदा ओढून, फोन घरीच विसरून, घेरीबिरी सगळी घरी ठेवून आमचे जिने चढून आल्या.

कंपनीचा माणूस निसटला. आणि तो खाली पोचला असेल नसेल, तशी ती काच... मी डोळ्यांनी बघितलं, कोपऱ्यातून धुकं चढायला लागलं. जणू तो जायचीच वाट बघत होतं. मी चहा ठेवला. वाफ पसरली, तशी काचेच्या आतल्या अंगालाही ओल धरली. काही वेळाने ताई उठल्या, खिडकीशी गेल्या, रुमाल काढला, आणि कित्येक महिन्यांनी सख्ख्या बहिणीशी पहिलं वाक्य बोलल्या.

'पुसत नाहीस का गं कधी?'

'पुसते. मध्ये आहे ते.'

'मध्ये कसं असेल?'

'मग हात लावून बघ.'

ताईंनी पंजा टेकवला. हिने शेजारी स्वतःचा टेकवला, इथे बघ, वरचं पुसलं तरी मागे पांढरंच, तिथे बघ. दोघींनी हात उचलले आणि त्या ओलसर काचेवर दोन पंजे उमटलेले राहिले, बोटं फाकलेली, शेजारी शेजारी. हिचा चांगला ऐसपैस. आणि ताईंचा, तुम्हाला सांगतो, शाळकरी मुलीएवढा.

ही बघतच राहिली. 'ताई,' म्हणाली, 'तुझी वीत एवढीशी?'

'आईची होती तेवढीच आहे. तुझी वाढली.'

'म्हणजे मी माप बरोबर सांगितलं होतं.'

'मग मी कापड काय चुकीचं कापलं होतं?'

झालं! दोघी बरोबर. पडदा आखूड. मोजपट्टी उजव्या खणात. मी चहा गाळत होतो, बोललो नाही, शहाणपण दुसऱ्यांदा.

त्यानंतर ताई रोज यायला लागल्या. म्हणतात, 'लांबून काही दिसत नाही, म्हणून यावं लागतं.' सकाळी समोरचा पडदा उघडतो की नाही ते आता कोणी बघत नाही, कारण पडदेवाली इथे असते, माझ्या खुर्चीत. भांडणं तर अशी रंगतात! लहानपणी कोणी कोणाची वेणी कापली इथपासून सगळी जुनी प्रकरणं पुन्हा सुनावणीला. ही खुर्चीशेजारी वेताचं बैठं स्टूल घेऊन बसते, गुडघे विसरते, आणि चहात साखर दोनदा पडते. पडद्यांना खालून पट्टी जोडायचं ठरलंय, पण ती कोणाच्या वितीने, यावर चर्चा चालू आहे.

कंपनीला वठणीवर ताईंनीच आणलं. फोनवरच्या मुलीने विचारलं, पुसून बघितलं का, तर म्हणाल्या, 'तूच ये ना बाळा पुसायला, जेवूनच जा.' दुसऱ्या सकाळी तोच माणूस, मीटिंग सोडून. काचेकडे बघितलं, टिचकी मारली, आणि नातेवाइकांना सांगायला बाहेर आलेल्या डॉक्टरच्या चेहऱ्याने म्हणाला, 'गेलं हे.' मी म्हटलं, अहो, हे मी अर्जातच... असो. म्हणाला, चौकट ठीक आहे, फक्त आतली जोडकाच, म्हणजे दोन्ही काचा सीलसकट, बदलायची, ती मापाने करून येईल. टेपने मोजली त्याने, आणि त्याच्या पाठोपाठ या दोघींनी वितींनी. तिघांची मापं तीन आली. त्याने स्वतःचं लिहून घेतलं आणि घाईने गेला.

परवा फोन आला. जोडकाच तयार आहे, कधी बसवायला येऊ? फोन हिने घेतला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो, म्हटलं, आता सांग, आज या, आत्ता या. हिने खिडकीकडे बघितलं. पांढरीफटक. मग माझ्या खुर्चीकडे बघितलं, तिथे ताई चष्मा कपाळावर ढकलून पडद्याची कड उसवत बसलेल्या. काच स्वच्छ झाली, की लांबून सगळं दिसणार. लांबून दिसलं, की यायचं कारण संपलं.

'एवढी घाई नाही हो,' ही फोनवर म्हणाली. 'आम्ही अजून पुसून बघतोय.'

आता मी बसतो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. समोर भिंत. भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. तरी मी गप्प बसलो नाही, लेखी अर्ज केला, या वेळी हिच्याकडे. विषय, संदर्भ, खुर्ची, सगळं. 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती.' तिने न वाचता घेतला, चहाच्या डब्याखाली ठेवला आणि म्हणाली, बघते.

सबब, कळविण्यात येते की काच कंपनीकडे तयार आहे. अर्ज घरीच प्रलंबित आहे.